लाल बावटा, धनुष्यबाण आणि सातबारा

कर्जतच्या तहसील कार्यालयाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमाराला उभं राहिलं की राजकारणाची चर्चा फारशी ऐकू येत नाही. ऐकू येतात ते गट नंबर, फेरफार, वारसनोंद, मोजणीची तारीख. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलेला सातबारा लोक पुन्हा पुन्हा उघडून बघतात. त्यांची नजर जाते ती ‘इतर अधिकार’ या रकान्याकडे. तिथे पुष्कळ उताऱ्यांवर एक ओळ असते: कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. या घराण्याने ही जमीन बाजारात विकत घेतलेली नाही, कूळ म्हणून कसली आणि कायद्याने मिळवली, असा त्या ओळीचा अर्थ. आजोबांनी मिळवलेली जमीन विकण्याआधी त्या बंधनातून सोडवावी लागते, म्हणून नातू आता रांगेत उभा असतो.

‘पक्ष बदलतात की विचार बदलतात?’ असा विषय संपादकांनी दिला होता. पत्रात अमेरिकेचा दाखला होता. गुलामगिरी मोडणाऱ्या लिंकनचा रिपब्लिकन पक्ष आज तिथे उजवा मानला जातो, आणि गुलामांच्या मालकांचा डेमोक्रॅटिक पक्ष कृष्णवर्णीयांचा आधार झाला आहे. हे घडलं कसं, आणि आपल्याकडे तसं काही घडलं का, असा प्रश्न होता. उत्तर शोधायला मी रायगड जिल्ह्यातलं कर्जत-खालापूर निवडलं. या दोन तालुक्यांत गेल्या नव्वद वर्षांत जवळजवळ प्रत्येक विचाराला माणसं मिळाली, आणि त्या विचारांचं पुढे काय झालं हे इथल्या जमिनीच्या कागदांवर वाचता येतं.

शंभर वर्षांची अदलाबदल

अमेरिकेची गोष्ट आधी थोडक्यात सांगतो. रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला १८५४ मध्ये, गुलामगिरीचा विस्तार रोखण्यासाठी. सहा वर्षांत लिंकन अध्यक्ष झाले, यादवी युद्ध झालं, आणि १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. त्याचा आवाज पुण्यापर्यंत पोहोचला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या सदाचारी लोकांनाच अर्पण केलं.

दक्षिणेतला गोरा मतदार मात्र लिंकनच्या पक्षाला क्षमा करायला तयार नव्हता. पुढची कित्येक दशकं तो डेमोक्रॅटिक पक्षालाच मत देत राहिला. उलटा प्रवास सुरू झाला तो महामंदीत. रूझवेल्टच्या सरकारने कामं काढली, मदत दिली, आणि १९३६ पर्यंत उत्तरेतला कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळला. १९४८ मध्ये ट्रुमन यांच्या नागरी हक्कांच्या भूमिकेवर चिडून दक्षिण कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड वेगळे लढले आणि चार राज्यं जिंकली. १९६४ मध्ये जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्याच वर्षी थर्मंड रिपब्लिकन झाले, आणि कायद्याच्या विरोधात मत देणारे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर स्वतःचं राज्य सोडलं तर फक्त खोल दक्षिणेतली पाच राज्यं जिंकू शकले. तरीही दक्षिणेतल्या प्रतिनिधिगृहाच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांकडे जायला १९९४ साल उजाडावं लागलं.

हा बदल नेत्यांनी उड्या मारल्यामुळे झाला नाही. नेते गेले, पण मागून, आणि थोडे. आधी मतदार सरकला. तिथे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीसुद्धा मतदान होतं, त्यामुळे मतदाराचं मन बदललं की पक्षाचं तोंडही त्या दिशेला वळतं. त्याला दोन पिढ्या लागतात. पाटी तीच राहते, आतला माल बदलतो. कर्जतला नेमकं उलट दिसलं.

भाताची कोठी आणि विजेचे मनोरे

नेरळच्या हुतात्मा चौकातून माथेरानकडे टॅक्स्या सुटतात. शनिवारी सकाळी तिथे चालायला जागा नसते. त्या गर्दीत ज्यांच्या नावाने चौक आहे ते विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, माथेरानला नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मले. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. इतिहासाच्या पुस्तकात ते येतात ते ‘आझाद दस्ता’ घेऊन. टाटांच्या खोपोली आणि भिवपुरीच्या वीजगृहांतली वीज मुंबईच्या कारखान्यांना जात होती, ती वाहून नेणारे मनोरे पाडायचे, हे त्यांचं १९४२ चं काम. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील मारले गेले.

मला मात्र त्यांचं आधीचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. पावसाळ्याच्या तोंडाशी शेतकऱ्याकडे खायला भात नसे. तो सावकाराकडून उचलायचा आणि सुगीला दीडपट-दुप्पट फेडायचा. फेड थकली की जमीन जायची. कोतवालांनी गावात धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या, म्हणजे गरज पडेल तेव्हा शेतकऱ्याने गावातूनच धान्य घ्यावं आणि सावकाराच्या ओट्यावर जाऊ नये. हे काम काँग्रेसचं होतं की समाजवाद्यांचं की साम्यवाद्यांचं? त्या काळात या रेघा इतक्या ठळक नव्हत्या. जमिनीचा प्रश्न हातात घेतला की माणूस कोणत्या बाजूचा हे गावाला कळायचं.

तिकडे खालच्या अंगाला, अलिबागजवळच्या चरी गावात, १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचंच नाकारलं. तो संप सहा वर्षं चालला. माणसांनी लाकडं विकली, मजुरी केली, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले, १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि आगरी-कुणबी कुळं एका मोर्च्यात होती. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या पुढच्या साठ वर्षांच्या राजकारणाची मुळं त्या मोर्च्यात आहेत.

मागणी मान्य झाली

शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) १९४७ मध्ये काँग्रेसच्या पोटातच जन्मला आणि वर्षभरात बाहेर पडला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही बहुजन समाजातली, सत्यशोधक चळवळीतून आलेली माणसं होती. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षाने प्रबंध स्वीकारला आणि मार्क्सवाद-लेनिनवाद आपला म्हटला. चारच वर्षांत जेधे काँग्रेसमध्ये परतले, मोरेही परतले. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण केलं आणि सातारा-सांगलीकडचे शेकापचे मोहरे एकेक करून काँग्रेसमध्ये गेले. यशवंतराव मोहित्यांसारखा माणूस गेला.

कुलाबा जिल्हा मात्र गेला नाही. माझ्या मते याचं कारण विचारनिष्ठेइतकंच पिकातही आहे. घाटावर ऊस होता. उसाला कारखाना लागतो, कारखान्याला सहकारी संस्था, संस्थेला कर्ज, आणि कर्जाची वाट मंत्रालयातून जाते. शेतकरी त्या साखळीने काँग्रेसला बांधला गेला. इथे भात. कर्जतमध्ये भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणारं पाणी राजनाल्याने शेतात येतं, तिथे उन्हाळी भातही होतो. बाकी सगळी शेती पावसावर. साखर कारखाना नाही, त्यामुळे चेअरमन नाही, संचालक मंडळ नाही. काँग्रेसकडे शेतकऱ्याला बांधून ठेवायला दोरीच नव्हती. १९५२ मध्ये इथून लोकसभेवर काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख निवडून गेले, देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही हे दिसल्यावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९५७ मध्ये कुलाब्याने शेकापचा खासदार पाठवला.

त्याच वर्षी १ एप्रिलला, कृषक दिनी, कूळकायद्याच्या दुरुस्तीनुसार कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. नंतर रीतसर किंमत ठरली, हप्ते पडले, प्रमाणपत्रं मिळाली. कुठे खोतांनी, सावकारांनी आधीच कुळं काढून टाकली होती. कुठे कुळाला कागद काढायचं सुचलं नाही आणि हक्क हातचा गेला. पण हजारो घरांच्या सातबाऱ्यावर नाव चढलं.

शेकापच्या विचाराचा पुढचा सगळा प्रवास मला या एका तारखेपासून समजतो. पक्षाची मुख्य मागणी मान्य झाली. ज्याच्यासाठी पक्ष होता तो कूळ मालक झाला, आणि मालकाचे प्रश्न वेगळे असतात. त्याला खताचा भाव हवा, पोराला नोकरी हवी, आणि सरकार जमीन घ्यायला आलं तर योग्य मोबदला हवा. शेकापने तेही लढे लढले आणि जीव तोडून लढले. जानेवारी १९८४ मध्ये उरणला जासईच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले, आणि त्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं तत्त्व उभं राहिलं. २००८ मध्ये पेणच्या बाजूला महामुंबई सेझच्या विरोधात बावीस गावांनी मतदान केलं, त्यामागे प्रा. एन. डी. पाटील होते. पण नीट पाहिलं तर चरीच्या संपातला कसणारा ज्या जमिनीसाठी लढत होता ती त्याची नव्हती. जासईचा शेतकरी स्वतःच्या जमिनीसाठी लढत होता. बावटा तोच लाल राहिला, त्याच्याखालचा माणूस बदलला. अमेरिकेतल्या बदलाशी सगळ्यात जवळचं साम्य मला इथे दिसतं.

सेना आली

खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होते. तिच्या आसपास पुढे पोलाद, कागद, रसायनं आली. पाताळगंगेच्या खोऱ्यात, रसायनीला, १९६० नंतर सरकारी आणि खाजगी रासायनिक कारखाने आले. कर्जतहून रोज पहाटे मुंबईची लोकल भरून जायची. गिरणीत, गोदीत, बँकेत, बेस्टमध्ये. दिवसभर मुंबईच्या हवेत वावरलेला माणूस रात्री घरी येताना तिथलं राजकारणही घेऊन येणार, हे उघड होतं.

शिवसेना १९ जून १९६६ ला स्थापन झाली ती मराठी माणसाच्या नोकरीसाठी. पहिल्या दशकात तिचा मुख्य शत्रू लाल बावटाच होता. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागी पोटनिवडणुकीत सेनेचा पहिला आमदार आला. आणीबाणीला सेनेने पाठिंबा दिला. १९८७ ला विलेपार्ल्याची पोटनिवडणूक हिंदुत्वावर लढवली, १९८९ ला भाजपशी युती केली. २०१९ ला काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकार बनवलं. साठ वर्षांच्या आत इतकी वळणं घेणारा दुसरा मोठा पक्ष महाराष्ट्रात नाही.

कर्जत-खालापुरात सेनेला जी जागा मिळाली ती हिंदुत्वाने उघडली असं मला वाटत नाही. खोपोलीत चहाच्या टपरीवर एक निवृत्त कामगार भेटले. कारखान्यात त्यांची पहिली युनियन लाल बावट्याची होती, नंतर भगव्याची. बदल का केला, असं विचारल्यावर ते म्हणाले की आमच्या गावच्या पोरांना गेटच्या आत कोण घेतो ते बघायचं होतं. ‘स्थानिकांना नोकरी’ ही मागणी शेकापच्या प्रकल्पग्रस्तांची होती आणि सेनेच्या भूमिपुत्रांचीही. एका बावट्याखालून दुसऱ्या झेंड्याखाली जाताना त्या कामगाराला विचार बदलावा लागला नाही. खुद्द दि. बा. पाटीलसुद्धा आयुष्याच्या उत्तरार्धात शिवसेनेत गेले होते, ही गोष्ट त्यांच्या नावाच्या घोषणा देणाऱ्या तरुणांपैकी थोड्यांनाच ठाऊक आहे.

मग द्रुतगती मार्ग आला. युतीच्या काळात काम सुरू झालं, २००२ मध्ये पूर्ण झालं, आणि खालापूरचा टोलनाका सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला. मुंबईहून दीड तासात पोहोचता येतं म्हटल्यावर डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीला, जिथे नाचणी-वरी व्हायची, गुंठ्यावर भाव आला. फार्महाऊस, सेकंड होम, रिसॉर्ट. २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, ‘नैना’ची अधिसूचना निघाली, त्यात खालापूरकडची गावंही आली. २०१४ मध्ये, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारात, कलम ४३ मध्ये दुरुस्ती झाली: मालकीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीसपट रक्कम भरून कुळाची जमीन विकता येते. आकार म्हणजे सरकारी सारा. तो इतका किरकोळ असतो की चाळीसपट करूनही रक्कम अडवत नाही. सहा वर्षं नांगर न धरता मिळवलेल्या तत्त्वाच्या दारावरची कडी अशी निघाली, आणि माझ्या माहितीत कर्जतमधल्या एकाही मोठ्या पक्षाने त्याविरुद्ध मोर्चा काढला नाही. विकणाऱ्याला विकायचं होतं. त्याला मी दोष देत नाही. भाताच्या दीड एकरावर आज घर चालत नाही.

गावात या व्यवहारावर नवा धंदा उभा राहिला. जमीन दाखवणारा, भराव टाकणारा, खडी-रेती पुरवणारा, जेसीबीवाला, मजूर पुरवणारा. पूर्वी पक्षाचा कार्यकर्ता पोटाला भाकरी बांधून मोर्च्याला जायचा. आता कार्यकर्त्याला काम मिळवून देणारा नेता लागतो. नेता ज्या पक्षात, तिथे काम.

तीन निवडणुका, एक उमेदवार

२०१४ मध्ये कर्जत विधानसभेला राष्ट्रवादीचे सुरेश लाड जिंकले. त्यांच्यापेक्षा जेमतेम १,९०० मतांनी मागे राहिले महेंद्र थोरवे, शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर. २०१९ मध्ये तेच थोरवे शिवसेनेचं धनुष्यबाण घेऊन उभे राहिले आणि सुमारे अठरा हजारांनी लाडांना हरवलं. शेकाप तेव्हा राष्ट्रवादीच्या आघाडीत होता. पाच वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी घरोघर फिरले त्याच्याविरुद्ध लाल बावट्याच्या लोकांनी घड्याळाचा प्रचार करायचा, अशी वेळ आली. जून २०२२ मध्ये थोरवे एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि चिन्हही शिंदे यांना दिलं. २०२४ मध्ये त्याच धनुष्यबाणावर थोरवे पुन्हा आले, फरक साधारण पावणेसहा हजारांचा. दुसऱ्या क्रमांकावर होते सुधाकर घारे, अपक्ष, म्हणजे मित्रपक्ष असलेल्या अजित पवारांच्या राष्ट्रवादीतले बंडखोर. ठाकरे यांच्या शिवसेनेचा उमेदवार तिसरा.

कडावच्या एका पारावर मी विचारलं की शेकाप, सेना, शिंदेसेना या प्रवासात तुमच्या मते काय बदललं. एका वयस्क गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की चिन्ह बदललं, रस्ता तेवढा झाला. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कोणत्याही एका माणसावर बोट ठेवावं अशीही ही गोष्ट नाही; रायगडात प्रत्येक पक्षाने हेच केलं. शेकापचे दोनदा खासदार राहिलेले रामशेठ ठाकूर काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले. अलिबागचे माजी आमदार पंडित पाटील, शेकापच्या बालेकिल्ल्यातलेच, २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले. २०२४ मध्ये शेकापला विधानसभेची एकच जागा मिळाली आणि ती सांगोल्याची, रायगडातली नाही. आंबेडकरांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये स्थापन झालेला भारतीय रिपब्लिकन पक्ष संयुक्त महाराष्ट्रासाठी शेकाप-कम्युनिस्टांबरोबर लढला होता. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले. त्या पक्षाचा एक गट आज भाजपच्या आघाडीत आहे.

अमेरिका आणि आपल्यातला फरक इथे, उमेदवारी अर्जाच्या टेबलावर उघडा पडतो. आपल्याकडे तिकीट म्हणजे एबी फॉर्म. तो वरून येतो, कधी शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत धावतपळत येतो. तो कुणाला द्यावा यात कर्जतच्या मतदाराला किंवा साध्या पक्षसदस्याला मत नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, पण तो निवडून आलेल्याला लागू होतो, आणि गट पुरेसा मोठा असला तर वाट निघते. म्हणून इथे विचार हळूहळू सरकत नाही. एका रात्रीत उमेदवार सरकतो आणि मतदार त्याच्यामागे आपापल्या कामाचा हिशेब करत जातो.

वाडीवर

या सगळ्या बदलात एक माणूस जिथे होता तिथेच राहिला, आणि मला खरं तर त्याच्याबद्दल लिहायचं होतं.

खालापूर आणि कर्जतच्या डोंगरांत ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही सरकारने आदिम म्हणून नोंदलेली जमात. कूळकायदा आला तेव्हा कातकरी बहुतेक ठिकाणी कूळही नव्हता. तो मजूर होता, कोळसा पाडणारा, वीटभट्टीवर जाणारा. जंगलात लागवडीसाठी दिलेल्या दळीच्या जमिनी काहींना मिळाल्या, त्या वनखात्याच्या मर्जीवर. ज्याचं नाव कुळाच्या रकान्यात नव्हतं त्याला १ एप्रिल १९५७ चा काहीच उपयोग झाला नाही. अनेक वाड्या आजही दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर किंवा वनजमिनीवर आहेत. घरं पिढ्यान्‌पिढ्यांची, पण गावठाण नाही. शेजारची जमीन विकली गेली की कुंपण पडतं आणि वाडीची पाण्याची वाट बंद होते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. ठाकरांची वाडी होती, वर जायला रस्ता नव्हता, पायवाटेनेच मदत चढली. सगळ्या पक्षांचे नेते आले. वाचलेल्यांसाठी सिडकोने चौक गावाजवळ घरं बांधली, ती मिळाली, हे नोंदवायला हवं. पण तशाच उतारावर, तशाच पायवाटेच्या टोकाला असलेल्या इतर वाड्या अजून जिथल्या तिथे आहेत.

चरीच्या संपाचा विचार आज जिवंत असता तर तो इथे आला असता, असं मला ठामपणे वाटतं. आज लाल, भगव्या, निळ्या, तिरंगी अशा सगळ्या झेंड्यांखाली जमिनीचे मालक आहेत. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्यापाशी प्रचाराच्या काळात गाडी येते, एरवी नाही.

कर्जत-खालापुरातल्या मतदाराला आणि इथे फार्महाऊस घेतलेल्या मुंबई-पुण्याच्या वाचकालाही माझी एक विनंती आहे. पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या उमेदवाराला तो आधी कोणत्या पक्षात होता हे विचारू नका. त्याच्या मतदारसंघातल्या किती वाड्यांना गावठाण नाही आणि त्यांतल्या किती वाड्यांचे वनहक्क दावे प्रलंबित आहेत, एवढं विचारा. आणि जमीन घेतली असेल, तर कुंपण घालण्याआधी तिथून वाडीची पाण्याची वाट जाते का, ते पाहा आणि ती मोकळी ठेवा.